पाते आणि मूठ : हस्तघडीव सुरीच्या सांध्याची मीमांसा

सारांश

भट्टीत घडविलेल्या पात्याची चर्चा करताना पोलाद, धार आणि पाणी यांचा विचार अग्रक्रमाने होतो. मूठ मात्र दुय्यम मानली जाते. प्रत्यक्षात हस्तघडीव सुरी, विळा किंवा कोयता निकामी होतो तो बहुधा पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर. लोखंड आणि लाकूड हे दोन पदार्थ ओलाव्याला भिन्न प्रतिसाद देतात व त्यातून सांध्याचा मूळ प्रश्न निर्माण होतो. तापवून बसवलेली शेपटी, लाखेने किंवा राळेने भरलेली मूठ, मुठीतून आरपार नेलेली शेपटी आणि दोन फळ्यांत धरलेली सपाट शेपटी ही या प्रश्नाची चार प्रमुख उत्तरे होत. प्रस्तुत लेखात या चारही पद्धतींमागील कार्यकारणभाव स्पष्ट करून, दुरुस्तीसाठी उलगडता येणारा सांधा हा कच्चा सांधा नसून विचारपूर्वक स्वीकारलेला पर्याय आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पाते, मूठ, शेपटी, शेंबी, लाख, आर्द्रता, लोहारकाम, दुरुस्ती

१. प्रस्तावना

हत्याराला मूठ असावी ही कल्पना धातूच्या शोधापेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतातील ओट्झताल भागात हिमनदीत सापडलेल्या आणि पुढे ‘ओट्झी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या मानवी देहाजवळ एक लहान सुरा होता. त्याचे पाते गारगोटीच्या जातीच्या दगडाचे, मूठ ॲश वृक्षाच्या लाकडाची आणि दोहोंना बांधणारी दोरी प्राण्याच्या स्नायुतंतूंची होती. हा मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या सुऱ्यात आपल्याला तीन घटक दिसतात : कापणारा पदार्थ, धरावयाचा पदार्थ आणि त्या दोहोंना एकत्र ठेवणारी योजना. आजच्या हस्तघडीव सुरीतही हेच तीन घटक आहेत. मात्र पहिल्या घटकाविषयी जितके लिहिले गेले, त्या मानाने तिसऱ्या घटकाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

या दुर्लक्षाची किंमत हत्यार वापरणाऱ्याला मोजावी लागते. बोथट पाते काम मंदावते. सैल मूठ हात कापते. महाराष्ट्रात ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ असेच संबोधले जाते. उचल आणि मजुरी यांचा हिशेब ज्या हत्याराच्या नावाने मांडला जातो, त्या हत्याराची मूठ मध्येच निसटली तर केवळ एक वस्तू नादुरुस्त होत नाही. त्या जोडीचा दिवस बुडतो आणि प्रसंगी बोटही जाते. म्हणून मूठ बसविण्याच्या कृतीमागील तत्त्वे समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय ठरत नाही.

२. शेपटी : पात्याचा न दिसणारा भाग

लोहार पाते घडवितो तेव्हा धारेच्या विरुद्ध टोकाला लोखंडाचा एक भाग मुठीसाठी राखून ठेवतो. या भागास प्रस्तुत लेखात ‘शेपटी’ म्हटले आहे. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला, निमुळती होत जाणारी आखूड शेपटी. ही मुठीच्या पोटात संपते. दुसरा, मुठीच्या संपूर्ण लांबीतून जाऊन मागच्या टोकाला बाहेर पडणारी आरपार शेपटी. तिसरा, मुठीच्याच आकाराची सपाट व रुंद शेपटी. हिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या किंवा शिंगाच्या फळ्या जोडल्या जातात.

शेपटी किती लांब असावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तरफेच्या नियमाने तो तपासून पाहता येईल. समजा, मुठीच्या तोंडापासून २० सेंटिमीटर अंतरावर पात्यावर ५ किलो वजनाइतका आडवा दाब पडला आणि शेपटी मुठीत ८ सेंटिमीटर शिरलेली आहे. हा दाब शेपटीच्या दोन टोकांवर पेलला जातो असे सोयीसाठी मानल्यास, शेपटीच्या आतल्या टोकाशी सुमारे १२.५ किलो आणि मुठीच्या तोंडाशी सुमारे १७.५ किलो इतका दाब लाकडावर येतो. शेपटी निम्मी, म्हणजे ४ सेंटिमीटर केली तर हेच आकडे अनुक्रमे २५ आणि ३० किलो होतात. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, शेपटी आखूड करून वाचविलेल्या लोखंडाची भरपाई लाकडाला करावी लागते. दोन, सर्वाधिक दाब मुठीच्या तोंडाशी पडतो आणि नेमके तेथेच लाकूड सर्वांत दुबळे असते, कारण छिद्र त्याच ठिकाणी सर्वांत रुंद असते. मुठीच्या तोंडावर धातूचे कडे, म्हणजेच शेंबी, चढविण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली, तिचे कारण येथे सापडते. शेंबी शोभेसाठी नसते. लाकूड उभे चिरू नये म्हणून ते बाहेरून आवळून धरण्याचे काम ती करते.

शेपटीच्या आकाराविषयी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पाते जेथे संपते आणि शेपटी सुरू होते, तेथे काटकोनी खाच ठेवल्यास आघाताचा सर्व ताण त्या कोपऱ्यात एकवटतो व पाते तेथेच तुटते. जाणता कारागीर हा कोपरा कानशीने गोलाकार करतो. तसेच शेपटीवर धारेइतका कडकपणा तो ठेवत नाही. धारेला दिलेले पाणी शेपटीपर्यंत पोहोचले तर ती ठिसूळ होते. शेपटीने मात्र आघात सोसून किंचित वाकावे, पण तुटू नये, अशी अपेक्षा असते.

३. लाकूड श्वास घेते, लोखंड घेत नाही

मूठ सैल का होते, या प्रश्नाला सर्वसाधारणपणे ‘उन्हाने लोखंड फुगते’ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाही. लोखंडाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. २५ मिलिमीटर रुंदीच्या लोखंडाचे तापमान ३० अंशांनी वाढले तरी त्याची रुंदी केवळ ०.००९ मिलिमीटरने वाढते.

लाकडाचे तसे नाही. हवेतील ओलावा शोषून लाकूड फुगते आणि हवा कोरडी झाली की आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के राहते. आर्द्रता ८० टक्के झाली की ते १६ टक्क्यांच्या आसपास जाते. साग हे आकाराने स्थिर लाकूड म्हणून ओळखले जाते. तरीही ओले असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने होणारा बदल नगण्य असतो. या हिशेबाने २५ मिलिमीटर रुंदीची सागाची मूठ मे महिन्यातील कोरड्या हवेतून पावसाळी हवेत दीर्घकाळ राहिल्यास सुमारे ०.५ मिलिमीटरने रुंदावू शकते. उष्णतेने लोखंडात होणाऱ्या बदलाच्या तुलनेत हा बदल पन्नास पटींहून अधिक आहे. तेलपाण्याने किंवा रोगणाने हा बदल संथ होतो, थांबत नाही.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयास हवा. कुऱ्हाडीत लाकडाचा दांडा लोखंडाच्या नेढ्यात असतो. विळ्यात लोखंडाची शेपटी लाकडाच्या छिद्रात असते. पदार्थ तेच, पण त्यांच्या जागा उलट. कुऱ्हाड सैल झाली की ती रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय शेतकरी करतात. दांडा फुगतो आणि नेढ्यात घट्ट बसतो. परंतु फुगण्यास वाव नसल्याने त्याचे तंतू चेपले जातात. पुढे सुकल्यावर दांडा पूर्वीपेक्षा बारीक होतो आणि कुऱ्हाड अधिकच सैल पडते. विळ्याच्या बाबतीत तर हा उपाय मुळातच चुकीच्या दिशेचा आहे. लाकूड फुगते तेव्हा त्याच्यातील छिद्रही त्याच प्रमाणात मोठे होऊ पाहते. शेंबीच्या आत, जेथे लाकडाला बाहेरून अटकाव आहे, तेवढ्याच भागात ते शेपटीवर दाबले जाते व तेथेही चेपले जाते. पुन्हा सुकताना छिद्र आकसू पाहते, शेपटी हटत नाही आणि लाकूड तडकते. शिवाय आत शिरलेल्या पाण्याने शेपटी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. असा फुगलेला गंज आतून पाचरीसारखा काम करून मूठ उभी चिरतो.

ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पहाटेचे दव, उसाचा रस, तळहाताचा घाम आणि दुपारचे ऊन यांतून कोयत्याच्या मुठीला रोज एक लहानसा पावसाळा आणि एक लहानसा उन्हाळा भोगावा लागतो. मूठ एका मोठ्या आघाताने सैल होते त्यापेक्षा अशा शेकडो लहान आवर्तनांनी अधिक सैल होते.

मुठीसाठी लाकूड निवडताना परंपरेने केलेली निवड या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. बाभूळ आणि धावडा ही लाकडे अवजारांसाठी आणि गाडीच्या भागांसाठी पूर्वापार वापरली जातात, कारण ती चिवट असून आघात सोसतात. मात्र लाकूड कोणतेही असो, ते पुरेसे सुकलेले नसेल तर मूठ बसविताक्षणी घट्ट वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात दगा देते.

४. तापवून बसवलेली मूठ

निमुळती शेपटी लाकडात बसविण्याची सर्वाधिक प्रचलित रीत म्हणजे ती तापवून आत घुसविणे. प्रथम मुठीच्या मध्यावर सामत्याने किंवा गिरमिटाने शेपटीपेक्षा लहान छिद्र पाडले जाते. नंतर फक्त शेपटी मंद लाल होईपर्यंत तापवून ती क्षणभर छिद्रात दाबतात व लगेच बाहेर काढतात. लाकूड जळून छिद्राला शेपटीचाच आकार येतो. आतील कोळसा झटकून ही क्रिया दोन-तीनदा केली जाते.

या वरकरणी सोप्या कृतीत तीन अटी दडलेल्या आहेत. पहिली अट पात्याच्या संरक्षणाची. साध्या कर्बयुक्त पोलादाला पाणी दिल्यानंतर ते सुमारे १८० ते २२० अंशांपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. शेपटीकडून आलेली उष्णता पात्याला याहून अधिक तापवू लागली तर पोलादाचा रंग पिवळसर, तपकिरी, जांभळा असा बदलत जातो आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा होतो. धारेवर निळी छटा दिसली की त्या पात्याचे पाणी उतरले असे समजावे. म्हणून पाते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, किंवा शेपटीच्या मापाची वेगळी सळई तापवून तिने छिद्र जाळतात.

दुसरी अट कोळशाविषयीची. जळलेल्या लाकडाचा थर ठिसूळ असतो. तो जाड राहिला तर प्रत्येक आघाताबरोबर त्याची भुकटी होते आणि शेपटीभोवती पोकळी तयार होते. यासाठी छिद्र पूर्ण खोलीपर्यंत जाळत नाहीत. शेवटचा थोडा भाग राखून तेवढी शेपटी ठोकून आत नेतात. निमुळत्या आकारामुळे शेपटी पाचरीसारखी बसते. ऊब आणि वाफ यांमुळे त्या क्षणी लाकूड किंचित नरम झालेले असते. थंड होताना ते शेपटीला बिलगते.

तिसरी अट ठोकण्याच्या रीतीची. घाव पात्यावर घालता येत नाही. त्यामुळे मूठ हातात धरून तिच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोकतात. मूठ झटक्याने पुढे सरकते, जड पाते जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि शेपटी आत शिरते. शालेय पदार्थविज्ञानात न्यूटनच्या पहिल्या नियमाचे उदाहरण म्हणून हातोड्याचा दांडा घट्ट बसविण्याची जी कृती सांगितली जाते, तीच ही होय.

जपानमधील पारंपरिक स्वयंपाकाच्या सुऱ्या याच तत्त्वावर बांधल्या जातात. साकाई या शहरात पाते घडविणारा, धार लावणारा आणि मूठ बसविणारा असे वेगवेगळे कारागीर असतात. मुठीसाठी ‘हो’ नावाच्या मॅग्नोलिया वृक्षाचे हलके लाकूड आणि तोंडाशी पुष्कळदा म्हशीच्या शिंगाची शेंबी वापरतात. तापवलेली शेपटी आत बसविली की काम संपते. मूठ पाण्याने खराब होणारच, हे तेथे गृहीत धरलेले असते. जुनी मूठ ठोकून काढावी आणि नवी बसवावी, पाते मात्र पुढे वापरावे, अशी ही व्यवस्था आहे.

५. लाख, राळ आणि भारतीय मूठ

लाकडाच्या स्वभावाचा प्रश्न टाळण्याचा एक मार्ग म्हणजे मुठीत लाकूडच न वापरणे. भारतीय तलवारीची मूठ बहुधा संपूर्ण लोखंडी व आतून पोकळ असते. पात्याची शेपटी पात्याच्या मानाने आखूड असते आणि ती या पोकळीत लाख किंवा राळ यांच्या मिश्रणाने बसविलेली असते. लांबलचक पाते इतक्या आखूड शेपटीवर कसे तगते, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर भरावात आहे. वितळलेले मिश्रण पोकळीचा कानाकोपरा भरते; त्यामुळे दाब दोन टोकांवर न एकवटता शेपटीच्या सर्व पृष्ठभागावर विभागला जातो.

लाख हा पळस, कुसुम, बोर अशा वृक्षांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांपासून मिळणारा पदार्थ आहे. सुमारे ७५ ते ८० अंशांच्या आसपास ती वितळते आणि थंड झाल्यावर कडक होते. केवळ लाख ठिसूळ असल्याने तीत विटांच्या भुकटीसारखा भराव मिसळला जातो. भरावामुळे थंड होताना मिश्रण कमी आकसते आणि अधिक दाब सोसते. नेपाळी खुकरीच्या अनेक प्रकारांतही शेपटी अशाच राळयुक्त मिश्रणाने बसविली जाते.

या पद्धतीचा दोष आणि गुण एकच आहे : उष्णता दिली की सांधा सुटतो. इंग्लंडमध्ये जेवणाच्या जुन्या सुऱ्यांच्या हस्तिदंती व हाडाच्या मुठीही राळेच्या मिश्रणाने बसविलेल्या असत आणि गरम पाण्यात धुतल्या की त्या सैल होत. तेथे हा दोष ठरला. तलवारीच्या बाबतीत मात्र हाच गुण ठरला. मूठ शेकली की पाते निघते. ते दुसऱ्या मुठीत बसविता येते. मराठ्यांच्या शस्त्रांमध्ये ‘फिरंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारींना युरोपीय पाते आणि भारतीय मूठ असे. परदेशातून आलेले पाते येथील हाताच्या सवयीशी जुळवून घेणे शक्य झाले ते या उलगडणाऱ्या सांध्यामुळेच. शस्त्रांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. मूठ आणि पाते एकाच काळातील किंवा एकाच ठिकाणचे असतील, असे गृहीत धरता येत नाही.

जपानी तलवारीत हेच उद्दिष्ट वेगळ्या मार्गाने साधले आहे. तेथे चिकट पदार्थाचा आधार घेतला जात नाही. लाकडी मूठ आणि शेपटी यांतून आरपार जाणारी बांबूची लहानशी खुंटी दोहोंना धरून ठेवते. खुंटी काढली की शेपटी उघडी पडते. घडविणाऱ्याचे नाव याच शेपटीवर कोरलेले असते आणि तिच्यावरचा जुना गंज वयाचा पुरावा म्हणून मुद्दाम राखला जातो.

६. आरपार शेपटी आणि सपाट शेपटी

फिनलंडमधील ‘पुक्को’ या सुरीत शेपटी पुष्कळदा मुठीतून आरपार जाते आणि मागच्या टोकाशी धातूच्या चकतीवर ठोकून पसरविली जाते. यामुळे मूठ पाते आणि चकती यांच्यामध्ये दाबून धरली जाते. ती निसटण्यासाठी लोखंडच तुटावे लागते. काही मुठी बर्च वृक्षाच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचून व दाबून तयार करतात. अशी मूठ थंडीत हाताला गार लागत नाही आणि ओल्या हातातून निसटत नाही. आपल्याकडील काही विळ्यांमध्येही शेपटी आरपार नेऊन तिचे टोक मागे वाकविलेले आढळते. विळा आपल्याकडे ओढून कापतो. म्हणजे प्रत्येक ओढीत पाते मुठीतून बाहेर खेचले जाते. वाकविलेले टोक या ओढीला थेट उत्तर देते.

सपाट शेपटीच्या पद्धतीत मूठ म्हणजे पात्याचाच पुढे चालू राहिलेला भाग असतो. दोन्ही बाजूंना फळ्या ठेवून पितळेच्या किंवा लोखंडाच्या रिव्हेटांनी त्या आवळल्या जातात. इंग्लंडमधील शेफिल्ड हे सुऱ्यांच्या व्यवसायाचे प्रसिद्ध केंद्र होय. तेथील कारागिरांच्या संघटनेस १६२४ साली संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. तेथील घडविणारे, धार लावणारे आणि मूठ चढविणारे यांचे धंदे परस्परांपासून वेगळे होते. सपाट शेपटीच्या सुऱ्या तेथून जगभर गेल्या.

ही रचना सर्वांत मजबूत आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि तिलाही लाकडाचा स्वभाव चुकत नाही. कोरड्या दिवसांत फळ्या आकसतात आणि शेपटीची लोखंडी कड तळहाताला टोचू लागते; पावसाळ्यात फळ्या फुगून कडेच्या बाहेर येतात. रिव्हेटाच्या छिद्रापासून फळीच्या कडेपर्यंत तड जाण्याचा संभव असतो. फळी आणि लोखंड यांच्या फटीत पाणी शिरले की आतला गंज बाहेरून दिसत नाही. शिवाय लोखंड अधिक लागते आणि हत्याराचे वजन मुठीकडे सरकते.

आज ही फट इपॉक्सी या संश्लेषित चिकट पदार्थाने बंद केली जाते. आपल्याकडे तो अराल्डाइट या व्यापारी नावाने घरोघरी परिचित आहे. तो पाण्याला दाद देत नाही व पोकळी पूर्ण भरतो. परंतु त्याचे यश पूर्वतयारीवर अवलंबून असते. लोखंड कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरखरीत करणे, तेलाचा अंश पूर्ण पुसणे आणि फळ्या अति आवळून सगळा चिकट पदार्थ बाहेर न काढणे या तीन गोष्टी चुकल्या तर उत्तम इपॉक्सीही सुटते. साठ-सत्तर अंशांपुढे घरगुती इपॉक्सी सामान्यतः नरम पडू लागते, हेही ध्यानात ठेवावे.

७. उलगडता येणारा सांधा

उपरोक्त चार पद्धतींची तुलना केवळ मजबुतीच्या निकषावर केल्यास सपाट शेपटी आणि इपॉक्सी यांचा क्रमांक पहिला लागेल. परंतु हस्तघडीव पाते दीर्घकाळ टिकते. लाकडाची मूठ तितकी टिकत नाही. दोन भिन्न आयुष्यांच्या वस्तू कायमच्या जोडल्या की दोहोंचे आयुष्य अल्पजीवी वस्तूइतकेच उरते. मूठ फुटली म्हणून पाते भंगारात जाते. याउलट, तापवून बसवलेला, लाखेने भरलेला किंवा खुंटीने धरलेला सांधा ‘हे कधीतरी सैल होणार’ हे मान्य करून रचलेला असतो. सैल झाल्यावर काय करावे, याची सोय त्याच्या रचनेतच असते. म्हणून अशा सांध्याला कच्चा म्हणणे योग्य नव्हे.

अर्थात या व्यवस्थेस एक सामाजिक अट आहे. मूठ पुन्हा बसवून देणारा माणूस जवळ असला पाहिजे. महाराष्ट्राच्या पारंपरिक ग्रामव्यवस्थेत लोहार आणि सुतार हे दोघेही बलुतेदार होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रकाशित झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे विस्तृत वर्णन आहे. लोखंडाचे काम एकाचे आणि लाकडाचे दुसऱ्याचे. मुठीचा सांधा ही या दोन व्यवसायांची भेटण्याची जागा होती. याखेरीज घिसाडी समाजाचे भटके लोहार गावोगाव पाल टाकून अवजारे घडवीत व दुरुस्त करीत आले आहेत. बलुतेदारीत जातीची जन्माधारित सक्ती होती, हे विसरून तिचा गौरव करणे इष्ट नाही. मात्र ती व्यवस्था मोडल्यावर दुरुस्तीची पर्यायी व्यवस्था उभी राहिली नाही, ही वस्तुस्थितीही नजरेआड करता येत नाही. बाजारातील प्लॅस्टिकच्या मुठीचा कोयता घेणारा मजूर चुकीची निवड करतो असे नव्हे. दुरुस्त करणारा जवळ नसेल तर टाकून देता येईल अशी वस्तू घेणेच त्याला परवडते.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसमवेत घालवावेत, अशी शिफारस आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत लोहार, सुतार आणि हातोडा व अवजारसंच बनविणारे हे स्वतंत्रपणे नमूद आहेत. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु कारागिराकडे केवळ कौतुकाने पाहण्याने त्याचे ज्ञान समजत नाही. ‘शेवटचा भाग जाळू नये’ या एका सूचनेत लाकडाच्या ज्वलनाचे, घर्षणाचे आणि पाचरीचे ज्ञान सामावलेले आहे. ते उलगडून दाखविणे हे अध्यापकाचे काम आहे.

हा विषय कोणा एका विभागाचा नाही. पदार्थविज्ञान विभागास तरफ व जडत्व, वनस्पतिशास्त्र विभागास लाकडाची रचना, रसायनशास्त्र विभागास लाख व गंज, इतिहास विभागास फिरंगीसारखी संमिश्र शस्त्रे आणि अर्थशास्त्र विभागास दुरुस्तीचा खर्च असे अभ्यासाचे विषय यातून मिळतात. मराठी विभागासमोरील काम तर तातडीचे आहे. शेंबी, नेढे, सामता, गिरमिट, पाणी उतरणे हे शब्द ज्या हातांबरोबर जगले, ते हात काम थांबवीत आहेत. हे शब्द कृतीसह नोंदविले गेले नाहीत तर कोशात केवळ त्यांचे सांगाडे उरतील.

९. निष्कर्ष

१) हस्तघडीव हत्याराचा दुबळा भाग पाते किंवा मूठ नसून त्या दोहोंचा सांधा होय.

२) सांधा सैल होण्याचे मुख्य कारण उष्णतेने लोखंड प्रसरण पावणे हे नसून ओलाव्याने लाकूड फुगणे व आकसणे हे आहे.

३) सैल कुऱ्हाड पाण्यात भिजविण्याचा उपाय तात्पुरता आहे, विळा, कोयता व सुरी यांच्या बाबतीत तो अपायकारक ठरतो. या हत्यारांची मूठ कोरडी ठेवणे, शेंबी घट्ट आहे याची वेळोवेळी खात्री करणे आणि मूठ तडकताच बदलणे हाच योग्य मार्ग होय.

४) शेपटीची लांबी, गोलाकार कोपरा आणि तोंडावरील शेंबी यांवर मुठीची सुरक्षितता अवलंबून असते. हत्यार विकत घेताना धारेबरोबरच या तीन गोष्टी विचारणे व शक्य तेथे पाहणे उपयुक्त ठरेल.

५) उलगडता येणारा सांधा पात्याचे आयुष्य मुठीच्या आयुष्यापासून मुक्त करतो. मात्र त्यासाठी दुरुस्ती करणारा कारागीर आणि त्याच्या श्रमाला योग्य मोबदला देणारा समाज यांची आवश्यकता असते.

चांगल्या पात्याची पारख धारेवरून होते. चांगल्या हत्याराची पारख मात्र ते दहा पावसाळ्यांनंतर हातात कसे बसते यावरून व्हावी. त्या कसोटीवर मूठ बसविणाऱ्याचे काम पाते घडविणाऱ्याच्या कामापेक्षा कमी दर्जाचे ठरत नाही, असे म्हणावे लागेल.